जिवाजी रंगाऱ्याचं माणूस

एका राज्यात, जिथं डोंगरांना वाचा होती आणि पाखरं राजाचे निरोप घेऊन हिंडत, तिथं सीमेवरच्या गडाच्या पायथ्याशी धारापेठ नावाचं गाव होतं. गाव इतकं लहान, की एकाच्या चुलीवर काय शिजतंय ते दुसऱ्याला वासावरून कळावं, आणि मनात काय शिजतंय ते तोंडावरून.

गडाचे किल्लेदार भानुजी. त्यांचा एकुलता एक मुलगा हंबीर. अंगानं पिळदार, बोलण्यात मोजका. पिसाळलेल्या रानडुकरासमोर तो एकटा उभा राहिला होता आणि मागे हटला नव्हता. पण एका गोष्टीला हंबीर भीत असे, आणि ती त्याच्याच छातीत होती. त्याचा जीव जिवाजी रंगाऱ्यावर जडला होता.

जिवाजी नदीकाठी राहायचा, हळदीत, निळीत आणि मंजिष्ठेत कापडं रंगवायचा. आईबाप वारलेले, पाठीला भाऊ ना बहीण. तो वयात आल्यावर पंचांनी त्याच्यासाठी स्थळ आणलं, तेव्हा जिवाजी चावडीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "पंचांनी राग धरू नये. माझं मन पुरुषावर जडतं. कुणाची लेक घरात आणून तिच्या जन्माची माती करणं मला जमायचं नाही."

गाव काही दिवस मुकं झालं. मग सणवार आले, लुगडी रंगवायची निघाली, आणि लोक पुन्हा जिवाजीच्या दाराशी आले. दाराशीच. उंबरा ओलांडून कुणी आत बसलं नाही, की त्याच्या घरचं पाणी प्यायलं नाही. जिवाजी सगळ्यांशी हसून बोले. मान मात्र त्यानं कधी खाली घातली नाही.

हंबीर पागोटं रंगवायच्या निमित्तानं नदीकाठी जाई. एका पावसाळ्यात त्यानं इतकी पागोटी रंगवून घेतली, की आईनं विचारलं, "डोकं तुला एकच आहे ना रे?" नदीकाठच्या त्या खोपटात हंबीर मनमोकळा हसे, जिवाजीच्या निळ्या बोटांत आपली बोटं गुंफून बसे. आणि बाजारात तोच जिवाजी समोर आला, तर घोड्यावरून नुसता "रामराम" टाकून पुढे जाई.

एके दिवशी जिवाजी म्हणाला, "खोपटात मी तुझा आणि बाजारात परका. हंबीरा, मी चोरीचा माल नाही. आता बाजारात ओळख देशील तेव्हाच इथं ये."

"मी किल्लेदाराचा मुलगा आहे," हंबीर म्हणाला.

"मला ठाऊक आहे तू कुणाचा मुलगा आहेस. माझा कोण आहेस, ते तू सांगायचंस."

हंबीर उठून गेला. त्यानंतर त्याची पागोटी मळली ती मळलीच.

त्याच सुमारास धारापेठेवर संकट आलं. काळकड्यावर कालकूट नावाचा मांत्रिक राहत असे. त्याला सोन्याची हाव नव्हती. दुसऱ्याचा जीव ज्यात गुंतला असेल ते त्याला हवं असे. एका गावच्या कोकिळांचा स्वर, एका राणीची झोप, एका आंधळ्याची स्वप्नं असं सारं त्यानं कड्याच्या पोटात कोंडून ठेवलं होतं, आणि त्या ठेव्याला शाप दिला होता: जो यातलं काही सोडवील, त्यानं आपला देह मागे ठेवावा. त्या कालकूटानं धारापेठेची नदी एका घागरीत भरली आणि खांद्यावर टाकून नेली. पात्रात नुसते गोटे उरले.

गडावर मसलती झाल्या. शापाचं नाव निघताच जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. हंबीर जायला निघाला, पण भानुजींनी त्याला अडवलं. वंशाला तो एकच होता. ही बोलणी चालली होती तोवर जिवाजी काळकडा चढून गेला होता. त्यानं घागर फोडली. नदी गर्जत खाली आली, गुरं पाण्यात शिरली, बायकांनी तिची ओटी भरली. जिवाजी परत आला नाही.

चावडीवर एक भारद्वाज पक्षी उतरला आणि माणसाच्या वाणीनं बोलला, "तुमचा रंगारी तांब्याचा पुतळा होऊन कड्याच्या पोटात उभा आहे. त्याला सोडवायला तीन दिव्यं आहेत. ती त्याच्या स्वतःच्या माणसानंच करावीत. येत्या अमावास्येला तांबं काळजापर्यंत पोचेल."

पंचांचे म्होरके म्हणाले, "त्याला कुणी नाही. पण आम्ही सारं गाव त्याचंच आहोत."

"त्याच्या घरचं पाणी तुमच्यापैकी कोण प्यायलंय?" पक्ष्यानं विचारलं.

म्होरक्यांनी मान खाली घातली. हंबीर मागच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या ओठांवर शब्द आला आणि त्यानं तो गिळला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, कुणाला न सांगता, तो काळकड्याची वाट चढू लागला. नातं न सांगता काम होत असेल, तर करावं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

पहिल्या दिव्याला निखाऱ्यांचा वाघ होता. तो डरकाळला की वाऱ्याला आग लागे. हंबीरनं नदीत भिजवलेली घोंगडी त्याच्या तोंडावर टाकली आणि तो थंड होईतो त्याच्या पाठीवर बसून राहिला. मांड्या होरपळल्या. वाघाची राख झाली.

दुसऱ्या दिव्याला रत्नांचं दालन होतं. एकेक रत्न ओळखीच्या आवाजात हाक मारी. पाचू आईच्या आवाजात म्हणाला, "बाळा, मला घे." माणिक वडिलांच्या आवाजात म्हणालं, "मागे फिर, घराण्याची लाज राख." माणकाजवळ हंबीरचे पाय जड झाले. तरी तो चालत राहिला. रत्नं मुकी झाली.

तिसऱ्या दिव्याला तांब्याचं दार होतं, आणि दाराला तोंड होतं. दार म्हणालं, "आत आहे त्याचा तू कोण?"

हंबीरनं दारावर डावा हात ठेवला आणि म्हणाला, "मी त्याचा मित्र."

दार उघडलं नाही. त्याचा हात बोटांपासून मनगटापर्यंत तांब्याचा झाला.

भारद्वाज वरच्या कपारीत बसला होता. तो म्हणाला, "किल्लेदारपुत्रा, खरं नातं तू इथं एकांतात सांगितलंस तरी दार उघडणार नाही. ज्यांच्यापासून ते लपवलंस, त्यांच्या कानांवर घालून ये. तिसरं दिव्य खाली गावात आहे."

हंबीर दारापाशीच बसला. फटीतून त्याला पुतळ्याचा खांदा दिसत होता. या माणसानं ज्या गावासाठी देह दिला, त्याच गावासमोर त्याला आपलं म्हणताना माझी जीभ का अडखळावी? त्याला स्वतःचा राग आला, आणि रागामागून हलकं हलकं वाटलं. तो उठला आणि कडा उतरू लागला.

त्या दिवशी गावात खुद्द महाराज आले होते. नदी परतल्याचा सोहळा होता. आणि महाराजांच्या भाचीचा हात हंबीरला द्यायचा, अशी बोलणीही व्हायची होती. चावडीवरच्या भरल्या सभेत हंबीर होरपळलेल्या अंगानं, तांब्याचा हात घेऊन शिरला. त्यानं मुजरा केला.

"महाराज, बाबा, गावकरी मंडळी," तो म्हणाला, "जिवाजीला कुणी नाही, असं या चावडीत म्हटलं गेलं आणि मी ते ऐकून घेतलं. ते खोटं होतं. मी त्याचा आहे. नवरा बायकोचा असतो, तसा मी त्याचा आहे. हे मी भीतीनं लपवलं. आज भीत नाही."

भानुजी काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मग उठले.

"मला हे रुचलं, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "कदाचित पुढे रुचेल. पण माझ्या घरात भेकड वाढला नाही, एवढं मी महाराजांसमोर छाती ठोकून सांगतो. चल. म्हातारे पाय आहेत, हळू चढ."

महाराज म्हणाले, "हंबीरराव, आमच्या भाचीच्या पदरी तुम्ही खोटा संसार टाकला नाहीत, याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. जा, आणि आपलं माणूस घेऊन या."

मग काळकड्यानं कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. पुढे हंबीर आणि भानुजी, मागे पंच, लेकुरवाळ्या बाया, लोहार, गुराखी, सारी धारापेठ कडा चढत होती. काही जण श्रद्धेनं आले, काही लाजेनं, काही नुसते बघायला. पण आले.

दारानं विचारलं, "आत आहे त्याचा तू कोण?"

"मी त्याचा जोडीदार," हंबीर म्हणाला, इतक्या स्वच्छ आवाजात की शेवटच्या गुराख्यालाही ऐकू गेलं.

दार उघडलं. हातावरचं तांबं वितळून गळून पडलं. कोंडलेला कोकिळांचा स्वर, राणीची झोप, आंधळ्याची स्वप्नं सारं आपापल्या धन्याकडे उडून गेलं. ठेवा रिता झाला तशी कालकूटाची विद्याही सरली. तो वटवाघूळ होऊन दऱ्यांपार निघून गेला, तो त्या राज्यात पुन्हा दिसला नाही.

पुतळ्याच्या गालांवर रक्त चढलं. जिवाजीनं डोळे उघडले. "पाणी पोचलं का गावात?" त्यानं विचारलं.

"पोचलं."

"आणि एवढी माणसं कशाला आणलीस?"

"त्यांना एक सांगायचं राहिलं होतं. सांगितलं."

जिवाजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या भानुजींकडे. तो वाकून पाया पडू लागला, तसं भानुजींनी त्याला दंड धरून उभं केलं. "आधी घरी चला," ते म्हणाले. "हंबीरची आई वाट पाहत असेल."

पुढे हंबीर किल्लेदार झाला. जिवाजीनं आपलं काम सोडलं नाही. पहाटे गडावरून नदीवर यावं, दिवस कलता परत जावं, असा त्याचा नेम झाला. गावातले काही लोक कुजबुजत, काही आयुष्यभर कुजबुजत राहिले.

एका बाजाराच्या दिवशी दोघं भर दुपारी, खांद्याला खांदा लावून पेठेतून चालले होते. तेवढ्यात तेलीण सगुणाबाई कमरेवर हात ठेवून वाटेत उभी राहिली. जिवाजीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"किल्लेदार," ती म्हणाली, "तुमच्या माणसाला जरा समजवा. माझं लुगडं केव्हापासून अडकवून ठेवलंय. घरच्यानं सांगितल्याशिवाय ऐकायचे नाहीत ते."

हंबीर राजाच्या सभेत मानाच्या आसनावर बसला होता, त्याच्या नावाचे नगारे वाजले होते. पण त्याची छाती भरून आली ती त्या भर पेठेत.

"सांगतो, सगुणाबाई," तो म्हणाला. "आमच्या माणसाला आजच सांगतो."