चितारणीचा अंगरखा

उन्हं डोक्यावर आली तरी धुकं हटत नसे, अशा एका तळ्याकाठच्या राज्यात भिवरा नावाची चितारीण राहत होती. ती भिंतींवर पाखरं काढायची. लोक म्हणायचे, ती पाखरं पहाटे तळ्यावर पाणी प्यायला जातात.

भिवराच्या अंगात सदा एकच अंगरखा. गळ्याला आईच्या लुगड्याचा काठ, पाठीवर जुन्या शिडाचं फडकं, आणि बाह्यांवर कुंचले पुसून पुसून उतरलेले साऱ्या चित्रांचे रंग. धुक्यातही लोक तिला लांबून ओळखायचे.

एकदा ती महालात भिंत रंगवायला गेली. राणीची नजर त्या अंगरख्यावरून हलेना.

"हा मला दे. बदल्यात माझा रेशमी घे," राणी म्हणाली.

राणीला नाही कोण म्हणणार? भिवरानं अंगरखा उतरवून दिला.

राणीनं तो घातला आणि दरबारात वाहवा झाली. पण दुपारी झोपाळ्यावर तिचा डोळा लागला, तर समोर तळं, हेलकावणारी होडी आणि हात पुढे करणारा एक मुलगा. "ताई, ए ताई!" राणी दचकून उठली. गाल ओले झाले होते. तिला तर भाऊच नव्हता.

मग डोळा लागला की तो मुलगा यायचाच. शेवटी राणी स्वतः भिवराच्या घरी गेली. भिवरा रेशमी अंगरखा घालून कोऱ्या भिंतीसमोर नुसती बसली होती.

"काही काढत का नाहीस?"

"यावर रंग सांडेल म्हणून हातच उचलत नाही, राणीसाहेब."

राणीनं तिला स्वप्न सांगितलं. भिवरा हळूच म्हणाली, "तो माझा धाकटा भाऊ. तळ्यात बुडून गेला. पाठीवरचं फडकं त्याच्याच होडीचं. हसतो का हो तो?"

"हसतो. पुढचा एक दात पडलाय त्याचा."

भिवराचे डोळे भरून आले. राणीनं अंगरखा ठेवून घेतला असता, तर तिला कोण जाब विचारणार होतं? पण तिनं तो उतरवून भिवराच्या खांद्यांवर घातला आणि आपला रेशमी परत घेतला.

"तुझा भाऊ तुझ्यापाशीच असू दे. पण मग मी काय घालू गं? माझ्याकडचं सगळं कुणी ना कुणी नजराणा म्हणून दिलेलं."

"सगळंच?" भिवरानं विचारलं.

राणी तशीच महालाकडे वळली आणि संध्याकाळी भिवराच्या भिंतीवर पुन्हा पाखरं उतरली.

इकडे महालात राणीनं पेटीच्या तळाशी लपवलेली आईची घोंगडी बाहेर काढली. राणीचं माहेर मेंढपाळांचं. लाजेपोटी ती घोंगडी तिनं कधी कुणाला दाखवलीच नव्हती. तिची किनार कापून राणीनं ती आपल्या रेशमी अंगरख्याला स्वतःच्या हातानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवली.

दरबारात कुणी वाहवा केली नाही. पण बाजारातून जाताना लोकर विकणारी, राणीच्या माहेरच्या वस्तीतली एक म्हातारी राणीकडे टक लावून बघू लागली. तिनं इतकी वर्षं राणीची पालखी जाताना पाहिली होती, पण ओळखलं कधीच नव्हतं. आज ती पुढे आली, किनारीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर आमची छबू!"

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचं जगणं अंगावर घालून कौतुक मिळेल, ओळख मिळणार नाही, ती आपल्याच धाग्यांत असते, मग ते आपण कितीही लपवलेले असोत.