गुणाजीनं गाडीचा गंज काढला

खाडीकाठच्या एका गावात गुणाजी नावाचा भोळा माणूस राहत होता. कामाला वाघ. फक्त कुणी काही सांगितलं की तो ते जसंच्या तसं करी. तिथंच घोटाळा होई.

त्याच्याकडे एक जुनी मोटार होती. खाऱ्या वाऱ्यानं तिला जागोजागी गंज चढलेला. धाकट्या मेहुणीचं, कुंदाचं, लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी निरोप धाडला, "जावईबापू, नवरदेवाला तुमच्याच गाडीतून मंडपात आणा." गुणाजीची छाती फुगली. गॅरेज लांब, तालुक्याला. तेव्हा गाडी घरीच नीट करायची ठरली.

बायको शेवंती म्हणाली, "अहो, आधी दाराचा गंज घासा. खाली चांगला पत्रा लागेपर्यंत थांबू नका."

गुणाजी घासायला बसला. घासतोय, घासतोय, चांगला पत्रा काही लागेना. शेवटी हात आरपार गेला आणि आतली सीट लागली. सीट म्हणजे पत्रा नव्हे. मग तो सीटही घासू लागला.

शेवंतीनं कपाळावर हात मारला. "अहो, थांबा! भोक दिसलं की त्यात पुट्टी भरायची असते!"

"असं होय! मग आधी सांगायचंस ना."

गुणाजीनं दाराचं भोक बुजवलं. मग किल्लीचं बुजवलं. मग पेट्रोलच्या टाकीचं तोंड, मग धुराची नळी. शेजारचे अण्णा कुंपणापाशी जांभई देत होते. त्यांनी वेळेवर तोंड मिटलं म्हणून वाचले.

"काय हे!" शेवंती ओरडली. "जिथून काही आत-बाहेर जातं ते बुजवायचं नसतं. ते उघडं ठेवायचं!"

"बरं. उघडं ठेवायचं."

सगळी पुट्टी उकरून काढली. दाराची तेवढी राहू दिली. लग्नाच्या आदल्या दिवशी फवारणीच्या पंपानं लाल रंग मारायचा होता. गुणाजीनं विचार केला. दारांतून माणसं आत-बाहेर जातात. खिडक्यांतून वारा. त्यानं दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि फवारा सोडला. गाडी बाहेरून लाल झाली. आतून त्याहून लाल झाली.

शेवंती रडकुंडीला आली. "अहो, ज्याला रंग लागू द्यायचा नाही, त्याला आधी कागदात गुंडाळायचं! एवढंही कळत नाही?"

"आता कळलं," गुणाजी म्हणाला.

सकाळ झाली. सीटा ओल्याच होत्या. गुणाजीनं रद्दीचा गठ्ठा आणि चिकटपट्टी घेतली आणि गाडी घेऊन तो एकटाच जानवशावर, मुलाकडच्यांच्या मुक्कामी गेला.

इकडे मंडपात मुहूर्त जवळ आला. गाडी आली. दार उघडलं. आतून डोक्यापासून पायापर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तोंडावरही चिकटपट्टी मारलेली एक मूर्ती उतरली. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची चाल असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडची असेल. मूर्तीला पाटावर उभं केलं. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, कुंदानं लाजत लाजत हार घातला.

हाराच्या ओझ्यानं कागद टरकन फाटला. आतून पांढऱ्या मिशा बाहेर आल्या.

"अहो, मी मुलाचा मामा!" मिशा ओरडल्या. "माझी बायको तिकडे पंगतीच्या तयारीत आहे!"

मंडपात एकच गोंधळ. सासऱ्यांचा फेटा सुटला. "जावईबापू! नवरदेव कुठंय?"

"जानवशावर," गुणाजी म्हणाला. "सोबत निघालेल्या मामांना आधी गुंडाळलं. ते अंगानं भरलेले. सगळा कागद त्यांनाच लागला. नवरदेवाला तसाच बसवला असता तर नव्या कपड्यांना डाग नसता का पडला?"