सोपान कासाराचं रद्द बुकिंग

एका बाजाराच्या गावात सोपान नावाचा एक भोळा कासार होता. बांगड्या भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्याला सांगितलेलं तो जसंच्या तसं करायचा, हीच पंचाईत.

सोपानची बायको सुंद्रा. तिनं भिशी लावून पैसे जमवले आणि आईला थंड हवेच्या ठिकाणी न्यायला हॉटेलात खोली घेतली. जायला पंधरवडा असताना आई न्हाणीत घसरली, पाय मोडला. सुंद्रानं फोनवरून खोली रद्द केली. आता आईला वॉकर घ्यायचा, तर पैसे हॉटेलात अडकलेले.

"अहो, जा आणि पैसे आणा. रिकाम्या हातानं परत येऊ नका."

गिऱ्हाईक खोली घ्यायला आलं की हॉटेलवाल्याला लांबून दिसतं, पैसे परत मागायला आलं की समोर उभं असूनही दिसत नाही. मॅनेजर म्हणाला, "पैसे परत मिळत नसतात, काका. हे कॅलेंडर घ्या."

सोपाननं हात भरलेला पाहिला आणि घर गाठलं.

"कॅलेंडर काय चाटायचंय? पैशांशिवाय दुसरं काही दिलं तर तिथंच फेकून द्यायचं!"

सोपान पुन्हा गेला. या खेपेला मॅनेजर जरा वरमला. त्यानं बुकिंग वेळेत रद्द झाल्याची शिक्क्याची पावती दिली. सोपाननं ती तिथंच टराटरा फाडून फेकली.

सुंद्रानं कपाळावर हात मारला. "अहो, तो पुरावा होता! हॉटेलातला कागद दिसला की छातीशी धरायचा, सोडायचा नाही."

सोपान तिसऱ्यांदा गेला. टेबलावर कुणाचं तरी जेवणाचं बिल पडलं होतं. त्यानं ते छातीशी धरलं.

वेटर म्हणाला, "काका, हे तुमचं?"

"सोडणार नाही."

"मग भरा."

सोपाननं पाच जणांच्या मटणथाळीचे पैसे भरले. स्वतः उपाशीच आला.

आता सुंद्रानं पदर खोचला. ग्राहक आयोगात वकिलाशिवायही तक्रार करता येते, हे तिला भिशीतल्या बायकांनी सांगितलं होतं. तिनं तक्रार लिहिली, फोनवरचा 'बुकिंग रद्द' हा मेसेज जोडला आणि नवऱ्याला बजावलं, "तिथं तोंड उघडायचं नाही."

सुनावणीत आयोगाच्या अध्यक्षबाईंनी सोपानला विचारलं, "तुम्हाला फार त्रास झाला का?"

सोपान गप्प.

"पाणी हवंय?"

सोपान गप्प.

"बघा, माणसाची वाचाच बसली," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी भाड्याची सगळी रक्कम तर परत करायला लावलीच, वर मनस्तापाची भरपाईही द्यायला लावली.

सुंद्रा हरखली. "बघा, खोली रद्द केली आणि भरले त्याच्या दुप्पट आले! जा, घेऊन या."

सोपान गेला आणि संध्याकाळी शीळ घालत परतला.

"पैसे कुठायत?"

"मोजून घेतले आणि तिथंच भरले. जेवढ्या बसल्या तेवढ्या खोल्या घेतल्या. आज रात्रीच्याच."

सुंद्रा मटकन खाली बसली. "अहो, निदान आईला उचलून नेऊ. राहून तरी येऊ!"

"छे! पावती हातात पडताच सगळ्या रद्द केल्या. एका खोलीचे दुप्पट आले, आता एवढ्यांचे किती येतील? ऊठ, तक्रार लिहायला घे!"