पुठ्ठ्याला हळदकुंकू

धामणपाड्याच्या शाळेला पाच संगणक मिळाले त्याला आठ महिने झाले. मिळाले म्हणजे काय, खोलीत येऊन पडले. विस्तार अधिकारी खडतकर साहेबांनी त्याच दिवशी खोलीला कुलूप ठोकलं. "मुलं बिघडवून ठेवतील," म्हणाले, आणि किल्ली खिशात घालून तालुक्याला निघून गेले.

खंडेनवमीला साहेब फोटोग्राफर घेऊन हजर! "चला, संगणकांची पूजा करू." कुलूप उघडून बघतात तर संगणक प्लास्टिकमध्ये तसेच, ना हार ना फूल. आणि बाहेर व्हरांड्यात पाटावर पुठ्ठ्याचे पाच तुकडे मांडलेले, त्यांना मात्र झेंडूचे हार.

साहेब चक्रावले. त्यांनी एक पुठ्ठा उचलून उलटासुलटा केला. त्यावर स्केचपेनने कीबोर्ड काढलेला होता. बोटं लागून लागून अक्षरं पुसट झाली होती.

"वंजारेबाई, पूजा संगणकाची करायची की रद्दीची?"

बाई म्हणाल्या, "साहेब, सुतार आज करवतीला हळदकुंकू वाहतो, पण ती त्याच्या हातातली असते. दुकानात टांगलेल्या करवतीला कोणी वाहत नाही. आमची मुलं आठ महिने ह्याच पुठ्ठ्यांवर बोटं चालवायला शिकली."

साहेबांनी पूजेसाठी चिमटीत घेतलेलं कुंकू तसंच राहिलं. ते एकदा खोलीकडे बघत होते, एकदा पाटाकडे. शेवटी पुटपुटले, "मग त्या संगणकांना काय वाहायचं?"

"आज काही नको. किल्ली तेवढी इथे ठेवून जा. त्यांची पूजा पुढच्या खंडेनवमीला करू."