खलाशाच्या हातातला हार

माडबंदरच्या राजेसाहेबांनी दुभाषी दाऊद परकारला शाल दिली. शालीची ऊब दाऊदला मिळाली आणि धग विरूपाक्षशास्त्र्यांना लागली.

"महाराज, हा भोंदू आहे!" शास्त्री भर दरबारात कडाडले. "आपल्याकडे शब्दाआधी 'अ' लावला की नकार होतो. हा म्हणतो, स्वाहिलीत क्रियापदाआधी 'अ' लागला की 'तो' होतो. एका 'अ'चे असे दोन अर्थ असतात कधी? याला ती भाषा येतच नाही!"

"मग परीक्षा घ्या, शास्त्रीबुवा," दाऊद म्हणाला.

बंदरावरून एका खलाशाला आणलं. त्याला स्वाहिलीखेरीज काही येत नव्हतं. शास्त्र्यांनी त्याच्या हाती हार दिला. "याला सांग, इथल्या सगळ्यात विद्वान माणसाच्या गळ्यात हा घाल." एवढं बोलून त्यांनी मान पुढे केली.

दाऊदने सांगितलं. खलाशाने दरबारावर नजर फिरवली आणि हार दाऊदच्याच गळ्यात घातला.

"लबाडी!" शास्त्री किंचाळले. "याने त्याला 'माझ्याच गळ्यात घाल' असं सांगितलं!"

"म्हणजे मी सांगितलेलं त्याला कळतं, हे तुम्हाला मान्य आहे," दाऊद हसला. "आपला वाद तेवढाच होता, शास्त्रीबुवा. आता मान मागे घ्या, अवघडेल."