सुरंगीची आठवण

वेंगुर्ल्याच्या सुनंदा केळुसकर मुलांना घेऊन नवऱ्यापाठोपाठ कॅनडात राहायला गेल्या. पहिलाच टॅक्स रिटर्न भरला आणि अधिकाऱ्याने बोलावून घेतलं. तिथल्या रहिवासी ठरल्या नसत्या, तर मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता बुडाला असता.

"गावचं घर विकलं नाहीत?" त्याने दरडावून विचारलं.

"नाही. परसात सुरंगी आहे. फुलली की सगळं घर घमघमतं."

"आठवण येते?"

"रोज."

"म्हणजे तुम्ही अजून तिथेच राहता," खुर्चीत रेलून तो म्हणाला. "मग इथल्या रहिवासी कशा?"

सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तिथे राहत होते तेव्हा मला सुरंगीची एकदाही आठवण आली नाही."

अधिकाऱ्याने त्या रहिवासी असल्याच्या कागदावर सही केली आणि मग तो लहानपणी सुटलेल्या स्वतःच्या गावाबद्दल बराच वेळ बोलत बसला.