तीन अंडी आणि एक पाटी मीठ

एकदा काय झालं, खाडीच्या काठी एक मिठागर होतं. मिठागर म्हणजे मिठाचं शेत, बरं का. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, की खाली राहतं पांढरंशुभ्र मीठ. त्या आगरात धर्मीबाई राबायची. तिचा नवरा पोशा ते मीठ बैलावर लादून घाट चढायचा आणि वरच्या गावांतून बदल्यात ज्वारी घेऊन यायचा.

हा पोशा पोहण्यात पट्टीचा. भर भरतीत खाडी ओलांडायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि चिंगे, पाय गोधडीच्या आत घे आधी. घेतलास? हं.

तर एकदा पोशा गेला तो परत आलाच नाही. तीन दिवसांनी बैल तेवढा आला, एकटाच, पाठीवरची गोणी फाटलेली. घाटात राक्षस राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेजारीण म्हणाली, "आता कसला येतोय पोशा! रडून घे बाई."

धर्मी म्हणाली, "रडायचं काय, ते कधीही रडता येईल. आधी बघून तर येते."

मग तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर मिठाची भरलेली पाटी ठेवली आणि निघाली. चढली, चढली, चढली. गुहेच्या दारात राक्षस बसला होता. दात असे, मुसळाएवढे! पण होता मोठा खादाड. मिठाच्या पाण्यात उकडलेली अंडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. आता डोंगरात मीठ कुठलं? म्हणून त्याने पोशाला धरलं आणि गोणीतलं मीठ फस्त केलं. मग पोशावर फू केली मात्र, पोशाचं झालं अंडं!

हसता काय? तुमचं झालं असतं म्हणजे कळलं असतं.

धर्मीने पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "राक्षसदादा, हे मीठ घे आणि माझा नवरा मला दे."

राक्षसाला जन्मात कुणी दादा म्हटलं नव्हतं. तो जरा विरघळलाच. पण राक्षस तो राक्षस. म्हणाला, "असा कसा देऊ? ओळखून दाखव." आणि त्याने गवतावर तीन अंडी मांडली. "यातलं एक तुझा नवरा. तीन उपाय कर, पण अंड्यांना हात लावायचा नाही. ओळखलंस तर घेऊन जा. चुकलीस तर तिन्ही उकडून खाणार."

तिन्ही अंडी अगदी सारखी. सारखा रंग, सारखा आकार, कणभर फरक नाही. तुम्हाला म्हणून सांगते, एक होतं दगडाचं, घासून घासून गुळगुळीत केलेलं. एक होतं जुनंपुराणं, नासकं. आणि एक पोशा. पण धर्मीला बिचारीला हे कुठं ठाऊक?

मग तिने पहिला उपाय केला. पदर सावरून हाक मारली, "अहो! ऐकलंत का?"

एकही अंडं हललं नाही. तसा पोशा घरी असतानाही पहिल्या हाकेला ओ देणारा नव्हता म्हणा.

मग दुसरा उपाय. धर्मी म्हणाली, "दादा, ही पाण्यात सोड."

"सोडतो की, नाहीतरी उकडायचीच आहेत," राक्षस म्हणाला. त्याचं पाणी प्यायचं भांडं आपल्या घंगाळाएवढं होतं. त्यात त्याने झऱ्याचं पाणी भरलं आणि अंडी सोडली. एक, दोन, तीन. दोन गेली तळाला. एक वर तरंगायला लागलं.

धर्मीला काय आनंद झाला! पोहणारा तो माझा नवरा, खाडी ओलांडणारा, तो बुडेल कसा? तिने बोट उचललंसुद्धा. 'हा बघ' म्हणणार, एवढ्यात तिला सासूबाई आठवल्या.

सासूबाई जुन्या काळच्या आगरकरीण. आगरातलं पाणी मिठाला तयार झालं की नाही, ते त्या अंडं टाकून बघायच्या; खारं पाणी भारी झालं की ताजं अंडंही वर येतं. पण त्याआधी तेच अंडं घरच्या गोड्या पाण्यात टाकायच्या. म्हणायच्या, "धर्मे, ताजं अंडं गोड्या पाण्यात बुडतं. तरंगलं तर समज, आतून सुकलंय, पोकळ झालंय. नासकं अंडं खोटं बोलतं गं पोरी."

बाई गं! धर्मीने बोट मागे घेतलं. थोडक्यात वाचला, नाहीतर नवरा गेला असता राक्षसाच्या पोटात.

आता तळाला उरली दोन. त्यातला पोशा कुठला? आकार एक, पण आत भरलेलं एक नाही, एवढं तिला कळत होतं. पण हात लावायचा नाही, मग आतलं कळणार कसं? राक्षस तर चुलीत लाकडं सारायला लागला. धर्मी बघत राहिली, बघत राहिली. आणि एकदम म्हणाली, "अगं बाई, अंड्याला हात लावायचा नाही, पाण्याला कुठं ना आहे? अंडं हलकं होत नाही तर नाही. पाणीच भारी करते!"

"दादा," ती राक्षसाला म्हणाली, "तुला अंडी खारी आवडतात ना? मीच मीठ घालते."

"घाल, घाल! सढळ हाताने घाल," राक्षस म्हणाला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मग धर्मीने मूठभर मीठ टाकलं आणि काठीने कडेकडेने ढवळलं. काही नाही. आणखी मूठभर टाकलं. काही नाही. पाव पाटी संपली, अर्धी संपली. तळाची दोन्ही अंडी आपली गप्प.

"झालं का?" राक्षस ओरडला.

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! मीठ विरघळू तर दे," धर्मी म्हणाली. पाटीचा तळ दिसायला लागला. शेवटची मूठ टाकली. तीही विरघळली. काही नाही.

धर्मीचे डोळे भरून आले. पण आगरातली बाई ती. रिकामी पाटी तशीच थोडीच खाली ठेवणार? तिने सवयीने पाटी भांड्यावर उपडी धरली आणि मागून थापटली, थाप, थाप, थाप. विणीत अडकलेलं मीठ भुरूभुरू पडलं. तिने ढवळलं आणि बघत राहिली.

तळाचं एक अंडं डुललं. मग हळूच सुटलं. मग वर, आणखी वर, आणि पाण्याबाहेर त्याचं नखाएवढं टक्कल दिसलं! दुसरं तळाला दगडासारखं बसलेलं. दगडच होता तो, दुसरं काय करणार?

"हा माझा नवरा!" धर्मी एवढ्या जोराने ओरडली की डोंगर घुमला.

अंडं फुटलं तडाक्! आणि पोशा उभा, नखशिखांत ओला. ओठ चाटून पहिलं काय म्हणाला माहीत आहे? "अगं, अख्खी पाटी ओतलीस?"

धर्मी हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

राक्षस होता खादाड, पण शब्दाचा पक्का. "जा," म्हणाला. ती दोघं वळतात न वळतात तोच खायच्या घाईत आपणच काय मांडलं होतं ते विसरून त्याने उरलेली अंडी उकडली. एक फोडलं, तर असा वास सुटला की घाटातली माकडं पळाली. दुसरं चावलं, तर कडाड्! पुढचे दोन्ही दात गेले. तेव्हापासून बिचारा पेजेवर आला. पण पेजेलाही मीठ लागतंच ना? मग दर खेपेला पोशा त्याच्या दारात मूठभर मीठ ठेवायचा, आणि राक्षस त्याला घाटभर सोबत करायचा. पुन्हा कुणाचं अंडं झालं नाही.

घाट उतरताना पोशाने विचारलं, "मला ओळखलंस कसं गं?"

धर्मी म्हणाली, "तुम्ही आधी बुडालात ना, तेव्हाच म्हटलं, माणूस ताजा आहे. वर आणायला काय, घरचं मीठ होतंच की."

तर असं मीठ आगरात, राक्षस डोंगरात, आणि तुम्ही गोधडीत. मिटा बघू डोळे. चिंगे, पाय.